डाव्या पंखाचा सांधा

पंख रात्री पडला. सकाळी खोलीत आलो तर मी रंगवत असलेला मॉडेलचा ड्रॅगन जागच्या जागी उभा, उजवा पंख ताठ पसरलेला आणि डावा पंख खाली टेबलावर पालथा. टेबलावर जाड फोम अंथरलेला होता म्हणून पंखाचा पडदा वाचला. एका नखाचा टवका तेवढा उडाला. अंगाचं रंगकाम जवळजवळ संपलं होतं. ऑइल रंगाचा शेवटचा वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ हात, देऊन तीन दिवस झाले होते. डोळे, तोंडाचा आतला भाग आणि वार्निश एवढंच काय ते उरलं होतं.

मोठ्या रेझिन किटचा, म्हणजे साच्यात द्रव ओतून केलेल्या सुट्या भागांच्या संचाचा, सांधा निखळतो यात नवल काही नाही. तरी हे प्रकरण सविस्तर लिहायला घेतलं, कारण या सांध्याने पडण्याआधी दोनदा सूचना दिली होती. दोन्ही वेळा मला ती रंगाची कुरकुर वाटली आणि दोन्ही वेळा मी ती रंगानेच मिटवली. मूळ होतं ते अगदी पहिल्या दिवसाच्या कामात, भाग धुण्यात.

किट २३ भागांचं, पॉलियुरेथेन रेझिनचं, बहुतेक भाग भरीव. जोडून उभं केल्यावर उंची ३८ सेंमी, पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ६२ सेंमी, वजन अडीच किलोच्या वर. एकेक पंख १९० ग्रॅमचा. असल्या किटला गॅरेज किट म्हणतात. जपानमध्ये १९८०च्या दशकात हौशी मंडळींमध्ये ही पद्धत फोफावली. पोलादी साच्यात तयार होणाऱ्या प्लास्टिकच्या किटसारखी चपखल जोडणी इथे मिळत नाही. इथला साचा सिलिकॉन रबराचा असतो आणि काही डझन ओतकामं झाली की तो थकतो, कडांना फाटायला लागतो. भाग अलगद सुटावा आणि साचा जास्त टिकावा म्हणून आत मोल्ड रिलीज फवारतात. हे मेणचट द्रव्य भागाच्या अंगाला चिकटून आपल्या हातात येतं. शिवाय रेझिन घट्ट होताना किंचित आकसतं. या सगळ्यामुळे माझ्या किटमध्ये पंखाची खुंटी खांद्याच्या खाचेत सगळीकडून जवळजवळ एक मिलिमीटर सैल बसत होती.

धुण्याचं काम मी मन लावून केलं होतं. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश. खवल्यांच्या ओळी उलट्यासुलट्या घासल्या, विसळल्या, रात्रभर वाळवल्या. पण खांद्याची खाच २२ मिमी खोल आणि जेमतेम १० मिमी रुंद. ब्रशचं डोकं आत जाईना. मी ती साबणाच्या पाण्याने भरली, हलवली, ओतून टाकली आणि पुढच्या भागाला हात घातला. मोल्ड रिलीज नुसत्या साबणाच्या पाण्याने सुटत नाही, त्याला घासणं लागतं. आणि फवारलेलं द्रव्य साचून राहतं ते नेमकं अशा कोनाड्यांतच.

पुढची तयारी नेहमीसारखीच झाली. ओतनळ्या, म्हणजे रेझिन ओतलं त्या वाटेने उरलेले दांडे, कापल्या, साच्याची शिवण पाणी लावून पॉलिश पेपरने उतरवली, हवेचे बुडबुडे पुट्टीने भरले. डावा पंख साच्यातूनच थोडा वाकडा आला होता. तो साधारण ७० अंशांच्या पाण्यात काही मिनिटं बुडवला, मऊ झाल्यावर हातमोजे घालून सरळ केला आणि तसाच धरून गार पाण्यात धरला. पॉलियुरेथेन असं उष्णतेने वळतं, ही मोठी सोय आहे. याच गुणामुळे उन्हाळ्यात भार सोसणारा बारीक भाग महिनोन्‌महिने हळूहळू झुकतही राहतो. मोठ्या किटच्या घोट्यात आणि खांद्यात धातू घालायचा तो या कारणासाठी. नुसतं चिकटवणं हा त्यातला अर्धाच भाग.

धातू मी घातला होता, पण तोकडा. दीड मिलिमीटर जाडीची पितळी सळई, दोन्ही बाजूंना आठ-आठ मिलिमीटर आत. भोवती जाड सुपरग्लू आणि वरची फट इपॉक्सी पुट्टीने बुजवलेली. त्या रात्री पंख हाताने दाबून पाहिला, तर तसूभरही हलला नाही. सुपरग्लू म्हणजे सायनोअॅक्रिलेट. ते १९५८ मध्ये बाजारात आलं आणि मॉडेल करणाऱ्यांचं अर्धं जग त्यावर चालतं. पण त्याची खरी ताकद पातळ थरात, घट्ट बसणाऱ्या दोन पृष्ठभागांमध्ये. एक मिलिमीटरची फट भरून काढायचं काम त्याचं नव्हे. शिवाय ते ठिसूळ असतं. सरळ ओढ चांगली सोसतं, पण उचकटणारा जोर त्याला सोसत नाही. पंखाचा जोर कायम उचकटणाराच असतो.

पंख रंगवण्याआधीच का चिकटवला, हा प्रश्न रास्त आहे. खांद्याचा जोड खवल्यांच्या मधून जात होता. असा उघड्या कातडीवरचा जोड रंगाआधी बंद करून त्यावर खवले घडवायलाच हवेत, नाहीतर तो कायम डोळ्यांत खुपतो. जो जोड एखाद्या घडीत किंवा शिंगाच्या मुळाशी लपतो, तो रंगानंतर जोडला तरी चालतो. हा हिशेब मी बरोबर मांडला होता. खाचेच्या आत काय आहे, ते मात्र पाहिलं नव्हतं.

रंगकामातला सगळ्यात आनंदाचा भाग पंखांचा पडदा होता, आणि पुढे दुरुस्तीत त्याचा संबंध येतो, म्हणून थोडं सांगतो. काळं अस्तर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, सगळीकडे, मग वरच्या बाजूने पांढऱ्या अस्तराची विरळ फवारणी, म्हणजे उजेड कुठून पडतो ते आधीच दिसतं. पडद्यासाठी मी वटवाघळाच्या पंखाची छायाचित्रं समोर ठेवली. वटवाघळाचा पंख म्हणजे हातच असतो. बोटांची हाडं लांबलचक झालेली आणि त्यांच्यामध्ये ताणलेली कातडी. हाडाजवळ ती जाड, अपारदर्शक. मधोमध इतकी पातळ की मागचा उजेड लालसर होऊन पुढे येतो. म्हणून हाडांलगत गडद तपकिरी आणि मधल्या भागात गंजासारखा तांबडा, त्याच्या पोटात थोडा पिवळसर नारिंगी. ०.३ मिमीच्या नोझलचा एअरब्रश, १५ ते १८ पीएसआय दाब, रंग दुधाइतका पातळ. शिरा बारीक ब्रशने काढल्या आणि त्यावर पुन्हा तांबड्याचा अगदी झिरझिरीत हात फिरवला. या शेवटच्या हाताने शिरा कातडीच्या खाली गेल्या. तोपर्यंत त्या वरून काढलेल्या रेघाच वाटत होत्या.

पहिली सूचना याच सुमारास मिळाली. पोटाकडचा भाग फवारण्यासाठी मी बगलेत मास्किंग टेप लावली होती. ती काढताना तिच्याबरोबर नखाएवढा पोपडा आला. नुसता रंग निघाला नव्हता, अस्तरासकट सगळं उतरून खालचं मळकट पांढरं रेझिन उघडं पडलं होतं. मी टेपला दोष दिला, कडा घासल्या, पुन्हा अस्तर दिलं आणि रंग जुळवला. त्या पोपड्याची मागची बाजू तेव्हाच उलटून पाहायला हवी होती. नंतर कचऱ्याच्या डब्यातून तो शोधून काढला. मागून आरशासारखा गुळगुळीत. अस्तराने रेझिनला धरलंच नव्हतं, नुसतं त्याच्यावर पसरलं होतं. खाचेतलं मेणचट द्रव्य जोडाच्या फटीतून, माझ्या बोटांनी, सुपरग्लू पुसलेल्या फडक्याने बगलेत पसरलं असणार.

दुसरी सूचना पंख पडण्याच्या चार दिवस आधीची. डाव्या खांद्याच्या वरच्या अंगाला केसाएवढी चीर दिसली, दोन सेंमी लांब. मला वाटलं, पुट्टीवरचा रंग वाळताना तडकला. पातळ रंग चिरेत ओढून घेतला आणि ती नाहीशी झाली. रंग वाळून तडकतो तेव्हा चिरा जाळीसारख्या, कुठल्याही दिशेने पडतात. ही चीर एकच होती, जोडाला समांतर होती आणि फक्त वरच्या बाजूला होती. पंख खाली झुकताना सांध्याचं वरचं तोंड उघडतं आणि खालचं मिटतं. ते उघडणं दिसत होतं. त्या दिवशी पंखाच्या टोकाची टेबलापासूनची उंची मोजली असती, तर सगळं तिथेच कळलं असतं.

आता तपासणी. पंख पडल्यावर पहिली ओढ लगेच चिकटवायची होते. मी ती आवरली, कारण तुटलेले दोन पृष्ठभाग हाच एकमेव साक्षीदार असतो आणि गोंद लागला की तो गप्प होतो. भिंगातून पाहिलं. रेझिन स्वतः तुटलं असतं तर दोन्ही बाजूंना खडबडीत, पांढुरकी मोड दिसली असती. तसं कुठेच नव्हतं. सगळा सुपरग्लू खुंटीवर, म्हणजे पंखाच्या बाजूला चिकटून आला होता. त्याची पापडी नखाने उचकटली तर तिच्या बाहेरच्या अंगावर खाचेच्या भिंतीतली बारीकसारीक खोट जशीच्या तशी उमटलेली, साच्यातून काढल्यासारखी. खाचेची भिंत कोरी आणि चकचकीत. खुंटी मी बाहेरून ब्रशने घासली होती, तिथे गोंदाने पकडलं. खाच घासली नव्हती, तिथे नाही पकडलं. पितळी सळई पंखात राहिली होती आणि धडातल्या तिच्या भोकाचं तोंड लांबट झालं होतं, म्हणजे पंख हळूहळू झुकताना तिने भोक कुरतडलं होतं.

खात्रीसाठी साधी चाचणी केली. त्याच किटच्या ओतनळ्यांचे दोन तुकडे होते. एक तसाच ठेवला, दुसरा साबणाने आणि ब्रशने घासून वाळवला. दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब. न धुतलेल्यावर थेंब मोत्यासारखा गोल उभा राहिला, धुतलेल्यावर बसका होऊन पसरला. मग टूथपिकने एक थेंब खाचेच्या भिंतीवर ठेवला. तो गोल उभा राहिला.

सळईचा हिशेबही मांडला. पंख पट्टीच्या कडेवर तोलून पाहिला, तर त्याचा तोल सांध्यापासून १६ सेंमीवर मिळाला. म्हणजे १९० ग्रॅमचं ओझं १६ सेंमी लांबीच्या तरफेच्या टोकाला. आठ मिलिमीटर आत गेलेली सळई भोकात तिरपायला लागली की एका टोकाला वर आणि दुसऱ्या टोकाला खाली दाबते, आणि या दोन दाबांमधलं अंतर फार तर ५ मिमी. १६ सेंमीत ५ मिमी ३२ वेळा बसतात. १९० ग्रॅमचे ३२ पट म्हणजे सहा किलो. गोंद काम करत नसेल तर त्या इवल्या भोकाच्या कडेवर सहा किलोचा दाब, दिवसरात्र. तीच सळई ३० मिमी आत गेली असती, तर दोन दाबांमधलं अंतर २० मिमीच्या आसपास आलं असतं आणि दाब दीड किलोवर उतरला असता. एवढा रेझिन आरामात सोसतं.

या टप्प्यावर खरा निर्णय डाव्या पंखाचा नव्हताच, तो उजव्याचा होता. तो अजून उभा होता, त्याच्यावर चीर नव्हती आणि त्याचं रंगकाम मला डाव्यापेक्षा जास्त आवडलं होतं. पण खाच तशीच, धुणं तसंच, सळई तशीच. दोन दिवस घालवले आणि शेवटी बारीक दात्यांच्या करवतीने त्याच्या जोडावरची पुट्टी गोल कापली. अॅसिटोनने सुपरग्लू विरघळतं, पण रंगवलेल्या मॉडेलजवळ ते नेण्याचा प्रश्नच नव्हता. पुट्टी कापल्यावर पंख हातात धरून हलकेच पिळला. कटकन आवाज झाला आणि तो बाहेर आला. बोटांना जोर लावावासुद्धा लागला नाही.

पंख काढता-घालता ठेवावेत का, याचाही विचार केला. चुंबक मी लगेच बाद केले; ते सरळ ओढीला चांगले, पण बाजूला सरकायला फारसा विरोध करत नाहीत, आणि इथे नेमका तोच जोर. चौकोनी पितळी नळीत नळी बसवणं हा चांगला मार्ग आहे. इतक्या मोठ्या पंखांसाठी आणि हलवाहलवीसाठी मी तो आवर्जून सुचवेन, पण सुरुवातीलाच ठरवलेला असेल तर. रंगलेल्या खवल्यांच्या मधून जाणारा जोड पुन्हा उघडा ठेवणं मला पटलं नाही.

दुरुस्तीत निम्मा वेळ स्वच्छतेत गेला. खांद्याभोवतीचा रंग पातळ प्लास्टिकने झाकला, कारण आयसोप्रोपिल अल्कोहोल अॅक्रिलिक रंग उठवतं. मग कापसाच्या काडीला ते जेमतेम ओलसर होईल इतकं लावून खाच पुसली. काड्या बदलत गेलो, शेवटची कोरडी निघेपर्यंत. त्यानंतर गोल कानशीने भिंती खरवडल्या. हा क्रम उलटा करू नये. आधी घासलं तर मेण ओरखड्यांत जाऊन बसतं. पुन्हा साबणपाणी, या वेळी बाटल्या धुण्याच्या बारीक गोल ब्रशने. वाळल्यावर थेंबाची चाचणी घेतली. थेंब पसरला.

भोकं पाडताना तोंडावर धुळीचा मास्क आणि खाली ओला फडका. रेझिनची धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नये, यात तडजोड नाही. आधी १ मिमी, मग २, मग ३, आणि दर काही मिलिमीटरला ड्रिल बाहेर काढून साफ करायचं, कारण तापलेलं रेझिन मऊ होऊन ड्रिलच्या आट्यांत अडकतं आणि भोक भरकटतं. समोरासमोरची जागा जुळवायला धडातल्या भोकाच्या तोंडाशी ओल्या रंगाचा ठिपका दिला, पंख टेकवला. जिथे ठिपका उमटला तिथे दुसरं भोक. प्रत्येक पंखाला ३ मिमीची एक मुख्य सळई, दोन्ही बाजूंना ३० मिमी आत, आणि पंख स्वतःभोवती फिरू नये म्हणून थोडी तिरकी २ मिमीची दुसरी.

सळया गुळगुळीत ठेवल्या नाहीत. कानशीने आडव्या खाचा पाडल्या, की इपॉक्सी गोंदाला पकड मिळते. आणि प्रत्येक सळईला लांबीभर एक उभी चपटी पट्टी घासली. बंद भोकात इपॉक्सी भरून सळई ढकलली की तळाशी अडकलेली हवा तिला पिस्टनसारखी परत बाहेर ढकलते. त्या चपट्या पट्टीतून हवा निघून जाते. चाचणीच्या तुकड्यावर मी पट्टी नसलेली सळई घातली होती, तर हात सोडल्यावर ती डोळ्यांदेखत दोन मिलिमीटर वर आली.

इपॉक्सी सावकाश जमणारी वापरली, २४ तासांची. पाच मिनिटांची सोपी असते, पण इतक्या लांब सळया, दोन कोन आणि पंखाचा तोल पाच मिनिटांत नीट लागत नाही. पुठ्ठ्याचा पाळणा करून पंखाचं वजन त्यावर टेकवलं आणि ४८ तास हात लावला नाही. दुसरा पंख पहिला पूर्ण घट्ट झाल्यावर.

एक अनपेक्षित फायदा झाला. पंख निघालेले असताना पाठीचा तो भाग, जिथे एअरब्रश आधी पोचत नव्हता आणि मी अंदाजाने सावली मारली होती, तो पूर्ण मोकळा होता. तिथली मणक्यावरची खवल्यांची रांग नव्याने रंगवली. आज मॉडेलकडे पाहिलं तर पाठीचा तो भाग सगळ्यात चांगला झालाय, असं माझं मत आहे.

जोडावर पुन्हा इपॉक्सी पुट्टी. खवले हाताने कोरण्याऐवजी ठसा केला: शेजारच्या खवल्यांवर टाल्कम पावडर लावून पुट्टीची छोटी गोळी दाबली, तशीच वाळू दिली आणि तो उलटा साचा ताज्या पुट्टीवर ओलसर करून टेकवला. दोन टेकवण्यांमधल्या कडा ओल्या ब्रशने जुळवल्या. दुसऱ्या दिवशी अस्तर फक्त तेवढ्या जागी, एअरब्रशने.

रंग जुळवताना वहीने तारलं. प्रत्येक मिश्रण मी थेंबांत लिहून ठेवतो, त्यामुळे अॅक्रिलिकचे हात तंतोतंत जुळले. अडलं ते ऑइलच्या वॉशपाशी. तो प्रमाणात मोजता येत नाही, तो पुसण्यात असतो. नव्या खवल्यांच्या कडांत बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) जास्त काळं बसलं आणि अंगठीसारखा गडद पट्टा खांद्याभोवती दिसायला लागला. कारण शोधायला एक संध्याकाळ गेली: जुन्या भागावर वॉशच्या आधी सॅटिन (किंचित चमकदार) वार्निश होतं, नव्यावर मी ते द्यायला विसरलो होतो. कोऱ्या मॅट रंगाने तेल शोषलं. व्हाइट स्पिरिटने पुसता येईल तेवढं पुसलं, वाळू दिलं, सॅटिनचा पातळ हात दिला आणि मग फिक्या गेरूने कडा उजळत आणल्या. शेवटचं मॅट वार्निश कोरडा दिवस पाहून फवारलं. दमट हवेत ते पांढुरकं धुकं धरतं. डोळे, जीभ आणि हिरड्यांना सगळ्यात शेवटी ग्लॉस.

तेव्हापासून दर महिन्याला दोन्ही पंखांच्या टोकांची टेबलापासूनची उंची मोजतो. जोडल्यानंतर डावं टोक ३४६ मिमीवर होतं. महिन्याभराने ३४५. उन्हाळा गेला, आज सातवा महिना आहे आणि आकडा ३४५च आहे. उजवं टोक पहिल्या दिवसापासून हललेलं नाही. खांद्यावर चीर नाही. तिरक्या उजेडात डाव्या जोडावरचे दोन खवले बाकीच्यांपेक्षा किंचित गुळगुळीत दिसतात; ठसा तिथे दोनदा टेकला होता. ते मी तसेच ठेवलेत.